कोंबडा की कोंबडी? तूर्तास शेंडी

मुंबईत शेंडीवाल्या कोंबड्या पाळणाऱ्याला जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: "यातला कोंबडा कुठला हो?" आषाढात फुटलेल्या पिल्लांबद्दल याचं प्रामाणिक उत्तर आहे, "दिवाळीच्या आसपास सांगतो." ते कोणालाही चालत नाही. सेक्रेटरींना तर मुळीच नाही, कारण निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, हे त्यांना पाठ असतं आणि कोंबड्याला नसतं. घरातल्या मुलांनी पहिल्याच संध्याकाळी एकीचं नाव चिंगी ठेवून टाकलेलं असतं. पुढे चिंगी आरवते.

गावठी पिल्लाचं बरं असतं. दीड-दोन महिन्यांत नराचा तुरा लाल होऊन वर येतो, मादीचा फिका आणि बुटका राहतो. आजी चष्मा न लावता सांगून मोकळी होते. पोलिश कॅप आणि सिल्की या शेंडीवाल्या जातींच्या मंडळींनी नेमकी तीच जागा पिसांखाली झाकून ठेवलेली. त्यात पोलिशचा तुरा म्हणजे चोचीच्या मुळाशी व्ही अक्षरासारखी दोन बारीक शिंगं. सिल्कीचा तुरा लालही नसतो, काळपट जांभळा असतो. आजी चष्मा मागते.

मग लोक उपाय सुचवतात. टोकदार अंड्यातून नर आणि गोलसर अंड्यातून मादी निघते, असं छातीठोक सांगणारे एक तरी काका प्रत्येकाच्या ओळखीत असतात. अंड्याचा घाट त्या कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो. एकच कोंबडी साधारण एकाच घाटाची अंडी घालत राहते आणि त्यांतून दोन्ही निघतात. नराकडे झेड-झेड गुणसूत्रं, मादीकडे झेड आणि डब्ल्यू; यातलं कुठलं अंड्यात जाणार हे आईकडून ठरतं, म्हणजे निकाल तिच्या पोटातच लागलेला असतो. उबवणी यंत्राचं तापमान साडेसदतीस अंशांवरून हलवून तो फिरत नाही. मगरींच्या अंड्यांत तापमानावर लिंग ठरतं, पण मगरी पवईच्या तलावातच बऱ्या. पिल्लावर दोऱ्याला बांधलेली अंगठी धरायची, गोल फिरली तर मादी आणि सरळ झुलली तर नर, ही चाचणी मात्र अगदी बिनचूक आहे. धरणाऱ्याच्या मनात काय आहे, ते तिच्यात नेमकं कळतं.

पहिल्या दिवशी ओळखण्याचं खरं शास्त्रही आहे. १९२०च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी दाखवून दिलं की दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार अलगद उलगडलं, तर नराच्या आत एक बारीक उंचवटा दिसतो. बारीक म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा. त्यात काही माद्यांनाही तो असतो, फक्त थोडा चपटा आणि मऊ. शिकलेले हात तासाला आठशे-हजार पिल्लं वेगळी करतात, पण ते हात मोठ्या हॅचरीत कामाला असतात. शिवाय हे काम जन्मापासून दिवस-दीड दिवसात उरकावं लागतं. घरी व्हिडिओ बघून करू नका. पिल्लाच्या पोटात अजून न जिरलेलं बलक असतं. अंगठा जरा जास्त दाबला गेला की ते फुटतं, आणि मग नर की मादी हा प्रश्नच उरत नाही.

पंखांच्या पिसांवरून ओळखणं हेही खरंच, पण ते मुद्दाम जुळवलेल्या संकरात. आई उशिरा पिसं फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर फुटणाऱ्या वाणाचा असेल, तरच पिल्लांच्या पंखांत फरक दिसतो. पोलिशच्या पिल्लाचे पंख ताणून बघण्यात फक्त त्याचा व्यायाम होतो. शेंडीखालचं डोक्यावरचं टेंगूळ चाचपडणं तर सोडूनच द्या. "मोठं टेंगूळ ती मादी" हा नियम निम्म्या वेळा बरोबर येतो, म्हणजे नाणेफेकीइतकाच. त्या टेंगळाखालचं हाड अर्धवट असतं. डार्विनने शेंडीवाल्या कोंबड्यांच्या कवट्या तपासून हाडाला भोकं असल्याचं १८६८ मध्येच नोंदवलंय. तिथे बोट दाबणं म्हणजे थेट मेंदूवर दाबणं.

आता उपयोगाचं. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लास्टिकचं कडं घाला आणि पाय जाडावतो तसं ते बदलत राहा. ज्यांनी हे केलं नाही, ते तिसऱ्या महिन्यात "तो मघाचा कुठला?" या पायरीवर अडकतात. दर रविवारी एकाच जागी, एकाच कोनातून फोटो काढा: एक चेहऱ्याचा आणि एक वरून, शेपटीच्या मुळाचा. वरून काढलेला फोटो कोणी पाठवत नाही. ओळखून द्या म्हणून मला येतात ते सगळे फोटो शेंडीचे, त्याही हलत्या.

सहाव्या आठवड्याच्या पुढे पिल्लाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या आणि समोरून हलकी फुंकर मारा. शेंडी मागे पडते, नाकपुड्यांवरची शिंगं दिसतात. नराची शिंगं लवकर जाडावतात आणि लाल होतात, मादीची बारीक आणि फिकी राहतात. तुलना मात्र एकाच दिवशी फुटलेल्या भावंडांतच करायची. दोन आठवडे मोठी बहीण धाकट्या भावापेक्षा लाल दिसू शकते. दाढीवाल्या जातीत चोचीखालची लोंबती कातडीही पिसांत दडलेली असते, तिथे बोटाने चाचपावं लागतं. एवढं करून निघतो तो अंदाज. त्यावर नाव ठेवू नये.

खरी साक्ष पिसांच्या टोकांची. पहिली शेंडी दोघांचीही गोलच असते, म्हणून महिन्याच्या पिल्लाची गुबगुबीत शेंडी बघून "राणी" म्हणणारे फसतात. आठ ते बारा आठवड्यांत तिच्यामधून नवी पिसं येतात. एक पीस न उपटता पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात बघा. टोक रुंद आणि गोल असेल तर मादी. अरुंद, लांबट, चकाकतं आणि अणकुचीदार असेल तर नर. तीन महिन्यांनी शेंडीची ठेवणच वेगळी होते: नर विरारहून उभ्याने प्रवास करून चर्चगेटला उतरलेल्या माणसासारखा दिसतो, मादी त्याच गाडीतून पार्लरला जाऊन आल्यासारखी. तरीही शंका असेल तर शेंडी सोडा आणि शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या उतारावर बघा. दोन्ही बाजूंनी बारीक टोकदार पिसं झालरीसारखी खाली लोंबू लागली, की खटला संपला. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या शेंडीच्या पोलिशमध्ये ती पटकन दिसत नाहीत. गॅलरीत उन्हात धरून बघावी लागतात.

यामागचं कारण मला फार आवडतं. टोकदार पिसं हा कोंबडीजातीचा मूळ पोशाख आहे, आणि गोल पिसं मादीच्या अंडाशयातल्या इस्ट्रोजेनमुळे येतात. कोंबडीचा डावा अंडाशयच तेवढा कामाचा असतो. तो आजाराने बंद पडला, तर एखादी अंडी देणारी जुनी कोंबडी पुढच्या पीसगळीनंतर कोंबड्याच्या कपड्यांत उभी राहते.

सिल्कीला हे सगळं लागू नाही. तिच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडेच नसतात, त्यामुळे टोक बघायला गेलात तर हातात कापूस येतो. तिथे शेंडीच्या मागच्या बाजूला बघायचं. चार-पाच लांब झिपऱ्या मागे सुटलेल्या दिसल्या आणि तुरा रुंद, फुगीर असला, तर नर. गोल शेंडी आणि आखूड तुरा असला, तर बहुधा मादी. "बहुधा" पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत टिकतं.

पावसाळ्यात मुंबईचा स्वतःचा असा एक घोटाळा होतो. भिजलेलं गोल पीसही चिकटून टोकदार दिसतं. जून ते सप्टेंबर या काळात कितीतरी निरपराध माद्या कोंबडा म्हणून वसईला रवाना होतात. आधी शेंडी टिपून कोरडी करा आणि मग निकाल द्या. पाण्याचं भांडंही अरुंद तोंडाचं ठेवा, म्हणजे चोच बुडते आणि शेंडी बाहेर राहते. डोळ्यांवर येणाऱ्या शेंडीला रबर लावलं असेल, तर तपासणीच्या अर्धा तास आधी काढा. बांधलेल्या शेंडीत सगळेच नर दिसतात.

आणखी एक गावरान चाचणी: पिल्लांवरून टोपी भिरकवा, ताठ उभा राहील तो नर, दबकून बसेल ती मादी. शेंडीवाल्यांना वरचं काही दिसतच नाही. टोपी पडते, पिल्लं दाणे टिपत राहतात आणि शेजारी गॅलरीतून बघत राहतो.

पोपट पाळणारे डीएनए तपासणी करतात, तीच इथेही चालते. मुळासकट ताजं उपटलेलं पीस लागतं; खाली गळून पडलेलं नाही. पाकिटावर कड्याचा रंग लिहा.

विकत घेताना "जोडी" नावाचा प्रकार असतो. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांची हमखास जोडी देणारा विक्रेता तुम्हालाच शेंडी लावतोय. न तपासता उचललेल्या दोन पिल्लांत नेमकी एकेक असण्याची शक्यता निम्मी. दोन्ही नर निघण्याची चारात एक. चार घेतली तर चारही नर निघण्याची सोळात एक. हिशोब चार घ्या म्हणतो, वन बीएचके दोन घ्या म्हणतो.

शेवटी आरवणं. पोलिशचा नर साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरुवात करतो, आधी फाटक्या आवाजात. मग लोक खुराड्यावर चादर टाकतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरंच, पण झाकलेलं कोंबडंही गप्प राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठाने २०१३ मध्ये दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या आतल्या घड्याळावर आरवतात, आणि सुरुवात पहाटेच्या बरीच आधी होते. म्हणजे नळाला पाणी येण्याच्याही आधी. त्याच मंडळींनी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली: कळपात आरवण्याचा पहिला मान सर्वांत वरच्या कोंबड्याचा, बाकीचे उतरत्या क्रमाने, वरचा काढला की दुसरा सुरू करतो. म्हणून आरवणाऱ्याला वसईच्या वाडीत पोहोचवून आलात, तरी लगेच सेक्रेटरींना पेढे देऊ नका. आठवडाभर थांबा. उरलेल्यांत "नक्की मादी" म्हणून ठेवलेली, दबून वागणारी, कधी तोंड न उघडणारी चिंगी असते. तिच्या शेपटीच्या मुळाशी एकदा नीट बघून घ्या.