काकूच्या डबीतला चंद्र

‘चंद्राची माती आणि डिचोलीची माती एकच! नासानं पन्नास वर्षं लपवलेलं सत्य!’ हा मेसेज (डिचोली म्हणजे आमच्या गोव्यातला लोखंडाच्या खाणींचा तालुका) आठवडाभरात मला चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी तो सोडून दिला. पाचव्यांदा तो काकांनी पाठवला. काका म्हणजे पंचवीस वर्षं खाणीच्या लॅबमध्ये सॅम्पल कुटून, चाळून लोखंडाची टक्केवारी काढलेला माणूस. खाली शेपूट: ‘पळय, हांव सांगतालों न्हय?’ (बघ, मी सांगत होतो ना?) तरीही मी गप्प बसले असते. पण रविवारी घरी गेले, तर काकूनं फ्रिजवरून एक डबी काढून दाखवली. ‘चंद्रमृदा भस्म’, १०० ग्रॅम, बाराशे रुपये. जत्रेतल्या एका स्टॉलवर घेतलेली. रोज चिमूटभर कोमट दुधातून, गुडघ्यांसाठी. मेसेजचा शेवटचा मुद्दा हाच आहे: चंद्राच्या मातीत कॅल्शियम भरपूर, म्हणून हाडांना उत्तम.

तेव्हा आधी डबी.

कॅल्शियम आहे, हे खरं. चंद्राचा जो भाग इथून उजळ दिसतो, तिथल्या मातीत कॅल्शियम ऑक्साइड १५ टक्क्यांच्या आसपास भरतं. पण ते ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनबरोबर अनॉर्थाइट नावाच्या खनिजात जखडलेलं असतं. वाटायचा दगडी रगडा चाटून जेवढं पोषण होईल, तेवढंच या मातीनं होईल. वर ती धूळ काचेसारखी धारदार. तिथे वारा नाही, पाणी नाही, कणांच्या कडा झिजवणार कोण? १९७२ मध्ये अमेरिकेच्या अपोलो १७ चांद्रमोहिमेतले अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांच्या नाकात यानातली ही धूळ गेली, तर नाक चोंदलं, शिंका सुरू झाल्या. काकू ती दुधातून घेते आहे!

म्हणजे, घेतली असती. कारण डबीत चंद्र असण्याची शक्यता शून्य. सोव्हिएत लुना-१६ यानानं १९७० मध्ये चंद्रावरून माती आणली ती सगळी मिळून १०१ ग्रॅम. काकूच्या डबीत १०० ग्रॅम! त्याच लुना-१६ चे तीन कण, एकूण वजन ०.२ ग्रॅम, २०१८ मध्ये लिलावात साडेआठ लाख डॉलरच्या वर गेले. स्टॉलवाल्यानं बाराशेत दिलं म्हणजे धर्मादायच केला म्हणायचा.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हात शिवशिवलेच. काकूच्या फडताळातलं माडाचं व्हिनेगर घेतलं आणि बशीत चिमूटभर भस्मावर चार थेंब टाकले. फसफसून बुडबुडे आले. म्हणजे आत कार्बोनेट आहे: शिंपल्यांची पूड असेल, चुनखडी असेल, नाहीतर खायचा सोडा. चंद्राच्या मातीत कार्बनच नावापुरता, ती फसफसणार कशी? चुना लावला म्हणतात तो असा.

आता ‘डिचोलीची माती’. इथे मला काकांचाच राग येतो, कारण त्यांना हे कळायला हवं होतं. आपला जांभा कसा झाला? मूळ खडकावर लाखो वर्षं पाऊस कोसळला, कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन गेली आणि मागे लोखंड व ॲल्युमिनियम उरलं. म्हणून तर आपल्या आंबट जमिनीत चुना घालावा लागतो. म्हणजे माती डिचोलीसारखी असेल तर तीत कॅल्शियम नाही, आणि कॅल्शियम भरपूर असेल तर ती डिचोलीसारखी नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं आपला पहिला मुद्दा शेवटच्या मुद्द्यानं स्वतःच खोडलाय.

आणि लोखंड? अपोलो ११ च्या मातीत आयर्न ऑक्साइड १६ टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे निव्वळ लोखंड साधारण १२. काका, १२ ग्रेडचा माल तुम्ही डंपावर तरी टाकू दिला असता का? शिवाय आपलं लोखंड गंजलेलं, म्हणून लाल. चंद्रावरचं बहुतेक न गंजलेलं, खनिजांत अडकलेलं किंवा शुद्ध धातूच्या सूक्ष्म कणांत, म्हणून माती करडी. एक मात्र मान्य करावं लागेल: २०२० मध्ये चांद्रयान-१ वरच्या उपकरणाच्या नोंदींतून चंद्राच्या ध्रुवांकडच्या भागात हेमॅटाइटच्या खुणा मिळाल्या. थोडा गंज तिथेही आहे. तेवढ्यावर डिचोली होत नाही.

अपोलोचे दगड पृथ्वीवरूनच उचलले, हा मेसेजमधला दावा तर फार जुना. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं आहे, त्याचा हे लोक झेंडा करतात. पण चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरनं २३ ठिकाणची माती तपासली, १०३ मीटर चालून, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे आकडे ‘नेचर’मध्ये आले. ते जुळतात अपोलो १६ आणि लुना-२० च्या नमुन्यांशी. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि इस्रो, तिघांनी ठरवून एकच खोटं बोलायचं, तेही शीतयुद्धाच्या काळापासून? अवघड आहे.

मेसेजमधलं ‘इस्रोनं वापरलेली माती तामिळनाडूची’ हे अर्धं खरं. तिथल्या नामक्कलजवळचा ॲनॉर्थोसाइट (चंद्राच्या उजळ भागातल्यासारखा) खडक दळून इस्रोनं यानाच्या चाचण्यांसाठी नकली चंद्रमाती केली, आणि ते उघडपणे सांगितलंही. शिकाऊ गाडी पटांगणात चालवली म्हणून कुणी पणजीला गेलाच नाही असं होतं का?

राहिलं हेलियम-३, म्हणजे अणू जोडून वीज करायला इंधन म्हणून ज्याचं नाव घेतात तो वायू. मेसेज म्हणतो, ‘एका पोत्यात गोव्याला शंभर वर्षं वीज.’ चांगल्या मातीतही ते अब्ज भागांत दहा-वीस भाग. एक किलोसाठी लाखभर टन माती चाळावी लागेल. काका, हिशेब तुमच्याच भाषेत: दोन हजार टनी पन्नास बार्ज भरून माती, हाताशी एक किलो वायू, आणि त्यावर वीज करणारं केंद्र अजून जगात कुठेच नाही.