सेलाडॉनची ताटली विष ओळखत नाही हो!

सेलाडॉन म्हणजे हिरवट झिलईची चिनी भांडी. तसल्या ताटलीचा फोटो आणि खाली मजकूर, की राजेमहाराजे यातच जेवायचे, अन्नात विष असलं की ताटली रंग बदलते नाहीतर तडकते, जेडची भुकटी घालून बनवतात, नक्षी हाताने कोरलेली, बारीक तडे म्हणजे अस्सल जुनी. फॅमिली ग्रुपवर फिरत होतं तोवर मी गप्प होते, पण आता आत्या ती मागवून दुधातली भेसळ तपासणार म्हणतेय.

विषाचं आधी. सेलाडॉनची झिलई म्हणजे काच, १२०० डिग्रीच्या आसपास भट्टीत वितळून बसलेली. तिच्यावर सोमल टाका नाहीतर युरिया, रंग कशाला बदलेल? घरातला काचेचा ग्लास बदलतो का? मान्य, ही समजूत व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीची आहे, मुघल काळापासून चालत आलीय, आग्र्याच्या ताज म्युझियममधल्या सेलाडॉनबद्दलही हेच सांगतात. पण ताटली हिरवीच राहिली म्हणून संशय आलेलं दूध कोणी लेकराला पाजलं तर?

जेडची भुकटी वगैरे काही नसतं. थोडंसं लोह आणि भट्टीत कमी हवा, त्याने हिरवा येतो. जेडसारखं दिसावं ही हौस मात्र खरी.

तडे वयामुळेच पडतात असं नाही, भाजल्यावर थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली की पडतात, नव्या भांड्यालाही.

आणि राजेमहाराजे? १३२३ साली चीनहून जपानला निघालेलं जहाज कोरियातल्या सिनानजवळ बुडालं, त्यातून वीस हजारांवर भांडी निघाली, निम्म्याहून जास्त सेलाडॉन. एवढी ताटं कुठल्या राजाला लागतात? विकायचा माल होता तो.

नक्षीचं अर्धं खरं आहे. चीनच्या शाआन्शी (Shaanxi) प्रांतात याओझोउला कारागीर सुरी तिरकी धरून ओल्या मातीत कोरायचे, रेघेची एक बाजू खोल, दुसरी उतरती, मग झिलई खोलात साचून गडद दिसते आणि उंचवट्यावर पातळ, फिकी. बघत बसावं असं काम आहे. पण त्याच याओझोउला सोंग राजघराण्याच्या काळातच कोरलेल्या साच्यावर माती दाबून धडाधड वाडगेही काढायचे, म्हणजे जुनं आहे म्हणून हाताने कोरलेलंच असेल असं नाही. आत्याच्या फोटोत तर खोल-उथळ सगळीकडे एकच पोपटी रंग आहे.