होमपेज मोकळं करा, पण त्यातून कुणाला काढू नका

बाजार समितीच्या वेबसाइटचं होमपेज "लई गिचमीड झालंय, जरा मोकळं करा" असा तोंडी आदेश निघाला असेल आणि कार्यालयात कॉम्प्युटर कळणारे तुम्ही एकटेच म्हणून तो तुमच्या गळ्यात पडला असेल, तर घाबरू नका. मराठवाड्यात होमपेज मोकळं केलं म्हणून कुणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही. फोटो गाळला म्हणून टेबल बदललेले मात्र सापडतील. तेव्हा पान असं सुधारायचं, की ते सुधारल्यासारखं दिसावं आणि त्यातून काहीही गेलेलं नसावं. जमतं हे. आपल्याकडं बऱ्याच समित्यांना जमलेलं आहे.

नवी, हुशार पोरं पहिली चूक करतात ती म्हणजे शेतकऱ्याचा विचार. शेतकरी साइटवर येतो कशाला? सोयाबीनचे कट्टे टेम्पोत भरून तो फाट्यावर उभा असतो, मोबाइलला रेंजची एक दांडी असते, आणि त्याला हवं असतं एवढंच: आज आवक किती झाली, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर काय निघाला, आणि उद्या बाजार चालू आहे की अमावास्येचा, मार्चएंडचा किंवा व्यापाऱ्यांच्या संपाचा बंद आहे. फार तर खरेदी केंद्रावर हमीभावाला किती ओलावा चालतो, ते. झाल्या चार ओळी. त्या पहिल्याच स्क्रीनवर दिल्या तर गडी अर्ध्या मिनिटात भाव बघून निघून जातो. आता असल्या माणसाचा आपल्याला उपयोग काय? मासिक सभेत अहवाल ठेवताना 'वाचक साइटवर सरासरी किती वेळ थांबतो' असा एक रकाना असतो. तोच भाव शोधायला सात मिनिटं लागली, तर रकान्यातला आकडा चौदापट होतो. ती सात मिनिटं वाचण्यात गेली की शिव्या देण्यात, हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

म्हणून आपला खरा वाचक कोण, ते आधी ठरवून घ्या. समितीवर साधारणपणे १८ संचालक असतात: ११ सोसायट्यांचे, ४ ग्रामपंचायतींचे, २ आडते-व्यापाऱ्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. हे अठराजण, त्यांचे चिरंजीव आणि चिरंजीवांचे मित्रमंडळ, एवढीच माणसं तुमचं होमपेज तळापर्यंत सरकवून बघणार आहेत. प्रत्येकाला त्यात एकच गोष्ट शोधायची असते आणि ती भाव नसते.

फोटोंची मांडणी हे मुख्य काम. बाकीचं डिझाइन नंतर. नऊ-नऊच्या दोन रांगा केल्या तर खालची रांग नाराज. अठरांची एकच रांग केली तर मोबाइलवर कोण कुठला हे घरच्यांनाही ओळखू येणार नाही. कुणीतरी शहाणा सुचवेल, की आडनावांच्या अकारविल्हे लावा. लावा खुशाल, मग 'ह'वरून आडनाव असणारा संचालक तुम्हाला जन्मभर विसरणार नाही. आणि काहीही केलं तरी "आण्णाचा फोटो एवढा मोठा, अन् आपला बारका कामून?" हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर पाठ करून ठेवा: "सॉफ्टवेअरच तसं घेतंय, साहेब." या एका वाक्यावर कितीतरी वेबसाइटी उभ्या आहेत.

फोटो लहान करून चढवायच्या भानगडीत पडू नका. स्टुडिओवाल्यानं दिलेली मूळ फाइलच चढवा. एक फोटो चार एमबीचा धरला तर अठरांचे ७२ एमबी. त्यावर पालकमंत्री, खासदार, आमदार, शिवाय माजी सभापती (ते आता दुसऱ्या गटात असले तरी, कारण पुढच्या निवडणुकीत कोण कुठं असेल ते कुणी सांगावं). गुगलवाले म्हणतात, पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. गुगलला आपल्या तालुक्याचं राजकारण माहीत नाही.

इतकं करूनही जागा पुरत नसेल तर फिरती चित्रं लावा, ज्याला डिझाइनवाले स्लायडर म्हणतात. स्लायडर माहिती देण्यासाठी लावतात असा एक गैरसमज आहे. तो तडजोडीसाठी असतो. वरच्या जागेवर पाच विभागांनी, तीन पुढाऱ्यांनी आणि एका प्रायोजकानं हक्क सांगितला आणि नाही कुणालाच म्हणायचं नाही, की सगळ्यांना पाच-पाच सेकंद वाटून द्यायचे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात २०१३ साली स्वतःच्या साइटवर याची मोजदाद झाली, तर फिरत्या चित्रांवर क्लिक करणारे जेमतेम एक टक्का निघाले आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की पहिलं चित्र सभापतींचं. उपसभापतींना दुसरं द्या. ते कुणी बघत नाही हे त्यांना कळायचं कारण नाही. ते स्वतः त्याची वाट बघत बसतातच.

मग येते सरकती पट्टी. मजकूर पळवणारा तो जुना मार्की टॅग वेबच्या आजच्या मानकांनी कधीच बाद ठरवलाय. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारा मजकूर वाचणाऱ्याला थांबवता आला पाहिजे, असंही सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीचे, आंतरराष्ट्रीय नियम २००८ पासून सांगतायत. पण थांबलेल्या पट्टीकडं बघतंय कोण? पळवा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा चढवल्या, की त्या दसऱ्यापर्यंत काढायच्या नाहीत. दसऱ्याच्या काढल्या तर दिवाळीच्या तिथं लगेच आल्या पाहिजेत. सोयाबीनची आवक ऐन रंगात येते ती याच दिवसांत, आणि 'उद्या सौदे बंद राहतील' ही ओळही याच दिवसांत चढवावी लागते. ती शुभेच्छांच्या शेवटी जोडा. ज्याला खरंच गरज आहे तो थांबेल. ज्याला धीर नाही तो पोचेल टेम्पो घेऊन, बंद गेटसमोर रात्र काढेल आणि टेम्पोवाल्याला वरचं भाडंही देईल. त्यात वेबसाइटचा काय दोष? लिहिलेलं होतं की.

आता मोकळ्या जागेचा विषय. इथं जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण सुधारणेचं बजेट मंजूर झालं की कुणीतरी पुण्याहून डिझायनर आणतंच. तो पोरगा वाईट नसतो. तो येतो आणि एक पान दाखवतो: वर समितीचं नाव, खाली आजचे भाव, त्याखाली बाजार चालू-बंदची एक ओळ, आडत्यांची यादी उघडणारं एक बटण आणि फोन नंबर. आजूबाजूला पांढरी जागा. तो सांगतो, की ही जागा वाया गेलेली नाही, तिच्यामुळंच डोळा नेमका भावावर जातो. याकोब नील्सन नावाचा डॅनिश तज्ज्ञ १९९४ सालीच सांगून बसलाय, की पानावरची प्रत्येक बिनगरजेची गोष्ट गरजेच्या गोष्टीशी भांडते आणि तिला मागं ढकलते. पोरगा असंही म्हणतो, की आधी कामांचा क्रम लावा, जास्तीत जास्त माणसं ज्यासाठी येतात ते सगळ्यात वर घ्या, आणि नवीन काही वर आणायचं तर जुनं काहीतरी खाली न्या.

सगळं खरंय त्याचं. म्हणून तर ते मंडळापुढं ठेवताना सावध राहा. कारण पडद्यावर पान उघडताच सोसायटी मतदारसंघातून निवडून आलेले कुणीतरी ज्येष्ठ विचारतात, "ह्या जागेत काय यायचंय अजून?"

"काही नाही, ती मोकळीच ठेवायची."

"मंग पैसे कशाचे घेतले?"

याला उत्तर नाही. भरलेल्या पानाचं बिल निघतं, मोकळ्याचं निघत नाही. एसटी स्टँडसमोर जागा रिकामी पडली की आठवड्यात तिथं पत्र्याची टपरी उभी राहते, तशीच ती पांढरी जागा भरू लागते. आधी हवामानाचा चौकोन येतो, त्यात पुण्याचं तापमान दिसतं. मग 'आपण अमुकावे अभ्यागत आहात' असा काउंटर. मग ई-नामचं, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन शेतमाल बाजाराचं चिन्ह. ती योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हापासून ते चिन्ह लावलेलं असतं, ते दाबून पुढं काही उघडतं का हे मात्र कुणी दाबून पाहिलेलं नसतं. मग यूट्यूबचा व्हिडिओ: वार्षिक सर्वसाधारण सभा, संपूर्ण. महिनाभरात पान पुन्हा भरतं आणि डिझायनरचा पोरगा फोन उचलायचा बंद होतो.

तरीही वरून 'मोकळं करा' असा धोशा चालूच राहिला तर रामबाण उपाय आहे: तीन रेघा. मोबाइलच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचं बटण टाका आणि जे काही पानावर होतं ते सगळं त्याच्या पोटात कोंबा. काही काढायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही, आणि पान मात्र झाडून काढल्यासारखं चकचकीत. फक्त एक काळजी घ्या. फोटो बाहेरच राहू द्या. आत जायचं ते भावांनी. रेघा दाबल्या की 'विभाग', त्यात 'माहिती', त्यात 'इतर', त्यात 'दैनंदिन', आणि तिथं 'डाउनलोड'. गर्दी कमी केली, असं इतिवृत्तात लिहायला हरकत नाही. ती घरातून माळ्यावर गेली, हे इतिवृत्तात येत नसतं.

डाउनलोडमध्ये काय ठेवायचं? आवक-जावक रजिस्टरच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. तिरका. त्यावर सचिवांचा गोल शिक्का नेमका सर्वसाधारण दराच्या आकड्यावर बसलेला असावा. फारच आधुनिक व्हायचं असेल तर भाव टाइप करा, पण युनिकोडमध्ये करू नका. जुना कृतिदेव किंवा श्रीलिपीचा फॉन्ट वापरा, म्हणजे ज्याच्या मोबाइलवर तो फॉन्ट नाही त्याला इंग्रजी अक्षरं आणि कंसांची मिसळ दिसेल, आणि कुणी गुगलवर 'सोयाबीन भाव' असं शोधलं तरी आपलं पान त्याला सापडायचं नाही. हमीभावाची माहितीही याच नियमानं टाका. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत, हे एका ओळीत मावतं. पण एका ओळीत मावणारी गोष्ट सात पानांच्या परिपत्रकात वाचायला जी मजा आहे ती वेगळीच. पाचवं पान उलटं स्कॅन झालं असेल तर तसंच राहू द्या.

वाढदिवसाचा पॉप-अप मात्र हवाच, त्याशिवाय वर्ष जात नाही. बंद करायच्या बटणासाठी किमान २४ बाय २४ पिक्सेलची जागा असावी असं सुगम्यतेचे २०२३ चे नियम म्हणतात. काट्यावर पोती चढवणाऱ्या माणसाचा अंगठा केवढा असतो ते ठाऊक असूनही फुली आठ पिक्सेलची ठेवा, तीही पांढऱ्यावर पिवळी. चुकून फुलीशेजारी लागलं की पूर्ण जाहिरात उघडते आणि शुभेच्छुकांची सगळी नावं तरी वाचली जातात.

राहता राहिलं लोकार्पण. या दिवशी नेट जाणार हे गृहीत धरा. म्हणून नव्या होमपेजचा दहा बाय वीसचा फ्लेक्स आधीच छापून घ्या. छापणारा तोच, ज्यानं साइट केली. मान्यवर रिमोटचं बटण दाबतील, पडद्यावर पांढरं गोल फिरत राहील, तेवढ्यात मागचं कापड ओढून फ्लेक्स उघडा करायचा. टाळ्या पडतातच. तिथंच उभ्याउभ्या संचालकांच्या लक्षात येईल, की साइटीपेक्षा हे बरं आहे: अठराही जण एकदम दिसतात, कुणाला पाच सेकंद थांबावं लागत नाही, मोबाइलला रेंज लागत नाही आणि फोटो बारका निघाला तर छापणाऱ्याला तिथल्या तिथं झापता येतं. एखादा संचालक म्हणेलही, की पुढच्या वर्षी नुसता फ्लेक्सच करू. त्याला विरोध करू नका; साइटीच्या वार्षिक नूतनीकरणाचं बिल वाचतं.

कार्यक्रम आटोपला की फ्लेक्स गेटच्या आत, डाव्या हाताच्या भिंतीवर लावायला सांगा. तिथं हमाल संघटनेच्या पोरानं रोज दुपारी खडूनं भाव लिहायचा काळा फळा आहे. तो पूर्ण झाकला जातो का, ते खिळे ठोकायच्या आधी मोजून घ्या. थोडासा उघडा राहिला तर लोक पुन्हा तिथंच येऊन उभे राहतात.