तिखट चालेल ना, सर?

नागपुरात अस्सल थाई जेवण शोधत फिरणे हे भिवापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचे काम नव्हे, हे मला मान्य आहे; परंतु कृषी अभ्यास दौऱ्यात बँकॉकच्या रस्त्यावर ‘सोम तम’ खाल्ल्यापासून माझी जीभ ऐकेनाशी झाली. तिथल्या बाईने मातीच्या खोल उखळीत लसूण आणि मिरच्या ठेचल्या, त्यात शेंगदाणे, वाळलेले झिंगे, ताडगूळ, लिंबू आणि माशांचा खारा रस घातला आणि कच्च्या पपईचा कीस टाकून लाकडी मुसळाने हलक्या हाताने कुटला. मिरच्या किती, एवढेच तिने खुणेने विचारले. मी पंजा दाखवला.

नागपुरात मात्र मला भाच्याच्या हवाली व्हावे लागले, आणि तो नेईल त्या प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर ‘पॅन एशियन’ असे लिहिलेले असे, म्हणजे चीन, जपान आणि थायलंड एकाच कढईत नांदतात. टेबलावर भाताशेजारी काड्या मांडलेल्या. थाई माणूस भात चमचा आणि काट्याने खातो, काड्या तो बहुधा नूडल्ससाठी राखतो, असे मी वेटरला समजावून सांगितले. त्याने मनापासून ऐकले आणि सुरीही आणून दिली.

थायलंडचे वाणिज्य मंत्रालय परदेशांतल्या अस्सल उपाहारगृहांना ‘थाय सिलेक्ट’ हे प्रमाणपत्र देते, असे ऐकून होतो. एके ठिकाणी भिंतीवर तशी चौकट दिसताच मी चष्मा लावून उभा राहिलो. तो अग्निशमनाचा दाखला निघाला.

खरा छळ पुढेच होता. “तिखट चालेल ना, सर?” असे त्या वेटरने, ज्या तालुक्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे त्या तालुक्याच्या माणसाला, काळजीने विचारले. हिरव्या करीचा हिरवेपणा मुळात वाटलेल्या ताज्या हिरव्या मिरचीचा. इथे आली ती खिरीसारखी गोड, वर ब्रोकोलीचे तुरे. सोम तममध्ये पपईऐवजी गाजर आणि कोबी. गवती चहाच्या एका काडीने सूपची किंमत किती चढली हे पाहिल्यावर, आमच्या विहिरीजवळच्या ज्या झुडपाला शेळ्याही तोंड लावत नाहीत त्याला कुंपण घालावे असे वाटले.

“मामाजी, हळू बोला ना, मॅनेजर पाहून राह्यला,” भाचा कुजबुजला. मी आचाऱ्यालाच बोलवायला सांगितले.

आचारी निघाला पवनीचा, बँकॉकच्या हॉटेलात काम करून आलेला. आवाज खाली आणून म्हणाला, “भाऊ, तुम्ही म्हणता तसं आमी बनवतो ना, झिंगे घालून, पण ते स्टाफसाठी. रात्री हॉटेल बंद झाल्यावर या.”

भिवापूरची शेवटची एसटी त्याच्या कितीतरी आधी सुटते.