कोमट पाणी ही अट आहे, कारण नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

हरिकेन, म्हणजे उबदार समुद्रावरचं मोठं चक्रीवादळ, कसं तयार होतं या लेखावरचा तुमचा पहिला आक्षेप असा : "पाणी २६.५ अंशांवर गेलं की हरिकेन तयार होतं, हे खरं असेल तर विषुववृत्तावर वर्षभर हरिकेनं दिसायला हवीत. तिथे तर ती होतच नाहीत." दुसरा असा, की गरम आणि थंड हवा एकमेकींना भिडल्यावर वादळ होतं आणि लेखात ते सांगायचं राहिलं. पहिला आक्षेप रास्त आहे. लेखातल्या त्या वाक्यात अट आणि कारण यांची गल्लत झाली होती. दुसरा मात्र मान्य करता येत नाही.

आधी दुसऱ्याचं उत्तर. गरम-थंड हवेच्या सीमेवर वाढणारी वादळं असतात, पण ती मध्य अक्षांशांतली. हरिकेनमध्ये अशी सीमाच नसते. चारही बाजूंना सारखीच उबदार, दमट हवा असते आणि वादळाचा गाभा भोवतालापेक्षा अधिक उबदार असतो. ती ऊब बाष्पातून येते. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. तेवढ्यात सहा किलो पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापेल. या उष्णतेने गाभ्यातली हवा हलकी होते, खाली दाब उतरतो, वारा वाढतो, आणि वारा वाढला की समुद्रावरून बाष्पही जास्त उचललं जातं. हे चक्र चालू राहिलं तरच वादळ मोठं होतं.

आता विषुववृत्त. दाब कमी झाला की हवा मध्याकडे धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती वाटेत वळली, तर भोवरा बनतो; सरळ आत शिरली, तर कमी दाबाचा खड्डा भरून जातो आणि गोष्ट तिथेच संपते. वळवणारा हा परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो आणि अक्षांशागणिक वाढतो. १० अंशांवर तो ५ अंशांवरच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणून बहुतेक वादळं विषुववृत्तापासून किमान ५ अंश, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटर दूर जन्मतात. अपवाद आहे : डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीड अंशाच्याही किंचित आत 'वामेई' हे टायफून (पश्चिम पॅसिफिककडच्या हरिकेनचं नाव) तयार झालं. तिथे बोर्निओजवळचा एक भोवरा आधीच फिरत होता आणि मोसमी वाऱ्यांच्या जोरदार लोटाने त्याला आणखी फिरकी दिली. पृथ्वीकडून न मिळालेली फिरकी दुसरीकडून मिळाली, इतकंच.

तुम्ही दक्षिण अटलांटिकचा उल्लेख केला नाहीत, पण तुमचा आक्षेप तिथे आणखी धारदार होतो. तिथे अक्षांश पुरेसा आहे, काही भागांत पाणीही पुरेसं कोमट असतं, तरी हरिकेन जवळजवळ होतच नाही. तिथे आड येतो विंड शिअर, म्हणजे खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात व दिशेत असलेला फरक. दीड आणि बारा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांत सेकंदाला दहा मीटरपेक्षा बराच जास्त फरक पडला, की ढगांचा मनोरा कलतो, वरची ऊब एकीकडे वाहून जाते आणि खालचा भोवरा उघडा पडतो. शिवाय तिथे वादळाला लागणारं बीज, म्हणजे आधीपासून गडगडणारा ढगांचा समूह, क्वचितच मिळतं. मार्च २००४ मध्ये शिअर नेहमीपेक्षा बराच कमी झाला, तेव्हा 'कॅटारिना' हे हरिकेन ब्राझीलच्या किनाऱ्यावर धडकलं.

उत्तर अटलांटिकमध्ये बीजांची वानवा नाही. आफ्रिकेवरून दरवर्षी साठेक पूर्वेय लहरी, म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांतले हेलकावे, पश्चिमेकडे निघतात, पण त्यांतल्या थोड्यांचीच वादळं होतात. सहाराची कोरडी, धुळीची हवा मधल्या थरात शिरली की पाऊस पडता पडताच त्यात सुकतो, हवा थंड होऊन खाली कोसळते आणि समुद्रालगतची दमट हवा बिघडवते. अनेक लहरींचं वादळ होत नाही, ते अशा कोरड्या हवेमुळे किंवा शिअरमुळे.

२६.५ या आकड्याबद्दल : ती काही दगडावरची रेघ नाही. वरची हवा जितकी थंड, तितकं कमी कोमट पाणी पुरतं. ऑक्टोबर २००५ मध्ये पोर्तुगालच्या मादेइरा बेटांजवळ 'व्हिन्स' हे हरिकेन २३-२४ अंशांच्या पाण्यावर तयार झालं, कारण वर हवा बरीच थंड होती. उलट, पृष्ठभाग २८ अंश असूनही ऊब जेमतेम वीस मीटर खोल असेल, तर रेंगाळणारं वादळ खालचं गार पाणी घुसळून वर आणतं आणि स्वतःच कमजोर पडतं. म्हणून तापमानाबरोबर खोलीही पाहायची. साधारण पन्नास मीटरपर्यंत ऊब हवी.

मूळ लेखातलं वाक्य आता असं केलं आहे : "पाणी पुरेसं खोलवर कोमट असेल, वर-खालच्या वाऱ्यांत फरक थोडा असेल, मधली हवा दमट असेल, विषुववृत्त पुरेसं दूर असेल आणि ढगांचा समूह आधीच हजर असेल, तरच हरिकेन तयार होऊ शकतं." त्यातलं 'होऊ शकतं' मुद्दाम ठेवलं आहे. सगळ्या अटी जुळूनही अनेकदा काहीच होत नाही.