‘मुलांना रंग दिसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया कडक आहे, पण तळमळीनं लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. मुलाशी वंशभेदाबद्दल बोलायला कशी लागले, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं : आठ वर्षांच्या पोराला रंग दिसत नाही, आईबापच तो दाखवतात, आणि आपण गुणवत्तेवर अमेरिकेत आलो, काळ्या-गोऱ्यांच्या भांडणात आपण पडू नये. शिवाय, सासूबाईंना दुखवून मी काय मिळवलं?

रंग त्याला दिसत होता. वाढदिवसाला कोणाला बोलवायचं ते ठरवताना एका मित्राचं नाव घेऊन तो म्हणाला, “आजीला चालेल का? तो काळा आहे.” घरात हा विषय आम्ही कधीच काढला नव्हता. पण आजी फोनवर “उन्हात खेळू नकोस, काळा होशील” म्हणायची. आणि घर शोधत फिरताना मी नवऱ्याला म्हणाले होते, “या बाजूला नको, इथे ते लोक राहतात.” मुलगा मागच्या सीटवर होता. ‘ते’ म्हणजे कोण, हे त्यानं खिडकीतून बघून घेतलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्या रात्री त्याच्याशी बोलायला बसले तर शब्द सापडेनात. शेवटी “मी चुकीचं बोलले होते” इथूनच सुरुवात केली.

आता गुणवत्तेचं. पंजाबमधून अमेरिकेत आलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. रंगावरून भेद करणं चूक आहे, असा युक्तिवाद थिंड यांनी केला नाही. आपण उच्चवर्णीय, आर्य, म्हणून आपल्याला गोऱ्यांत धरा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं : सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो, त्यात तुम्ही बसत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हे आपण तेव्हाच म्हणून पाहिलं आहे.

१९४६ साली नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण स्थलांतराचा कोटा वर्षाला १०० भारतीयांचा. हुशार इंजिनियर, डॉक्टर आपल्याकडे तेव्हाही होतेच की! दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्यानं. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. वंश पाहून माणसं निवडणं या देशाला अवघड झालं, ते त्यांच्या चळवळीमुळे. माझ्या नवऱ्याचा व्हिसा त्याच दारातून आला. म्हणून हे भांडण मला परकं वाटत नाही.

सासूबाई दुखावल्या, हे खरं. दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. “काळा होशील” अजूनही म्हणतात. आता नातू विचारतो, “मग काय होईल, आजी?” मी मध्ये पडत नाही.