फोटोतलं इंजिन पाहुणं निघालं!

नमस्कार. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीवरच्या माझ्या लेखावर ‘फोटोतलं इंजिन मूळचं माथेरानचं नाहीच’ ही तुमची चिडकी प्रतिक्रिया वाचली आणि आधी फोटो मोठा करून चाकं मोजली. एका बाजूला दोनच! तुमचं बरोबर आहे. ते दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेचं, बी क्लास जातीचं, ७९४ नंबरचं. नेरळला ते फार उशिरा आलं. मूळच्या चार इंजिनांना, ७३८ ते ७४१, एका बाजूला तीन चाकं. चूक माझी.

‘अलिबागकराने माथेरानात नाक कशाला खुपसावं’ हा टोमणा मात्र परत घ्या. माथेरान रायगडातच आहे, आणि कलेक्टर कचेरी आमच्याकडे! गाडी चालू असताना लेखात ‘संपलेली’ का म्हटलं, असंही विचारलंत. तर ते वाफेच्या इंजिनांबद्दल होतं. २००५च्या पावसात वाहून गेलेला मार्ग २००७ला पुन्हा सुरू झाला, तसं वाफेचं काही झालं नाही.

आता तुमचा खरा मुद्दा: इंजिनं जर्मनीची, मग हा मार्ग उभारणाऱ्या पीरभॉयांचं कौतुक कसलं? अहो, ती दुकानात तयार मिळणारी नव्हती. घाटाची चढण वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. सगळ्यात अवघड वळणाची त्रिज्या ६० फूट. तिथे तीन ताठ अ‍ॅक्सल (चाकांना जोडणारे आडवे कणे) घातले तर गाडी रुळावरून उतरणारच. म्हणून ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला क्लीन-लिंडनर पद्धत वापरली. आत भरीव दांडा, त्यावर पोकळ नळी, मधोमध गोळ्याचा सांधा. चाकं नळीला जोडलेली. दांडा सरळच फिरतो, नळी मात्र वळणाप्रमाणे चाकांसकट थोडी तिरकी होते. लाटण्यावर बांगडी सरकवून हलवून बघा, साधारण तसंच. (आमच्या घरी हा प्रयोग झाला, लाटणं लपवून ठेवलंय.)

असं इंजिन लागेल असा मार्ग धरायचा, १९०७ला गाडी सुरू करून दाखवायची, आणि हे सगळं आदमजी पीरभॉय यांच्या घरच्या पैशातून. त्याचं कौतुक मी करणारच.

त्या मूळच्या चारांतलं ७४० इंग्लंडला गेलं, लेटन बझर्ड गावात छोटी रेल्वे चालवणाऱ्या हौशी मंडळींकडे. लेखाखाली दुरुस्ती टाकली आहे. तुमच्या वडिलांनी नेरळला काढलेला धुराच्या गाडीचा फोटो आहे म्हणता, तो पाठवा. तीन चाकं दिसली तर तोच वर लावतो.